अथांगाचा तळ

ज्या गावी बसून मी हे लिहितो आहे ते घोडेगाव समुद्राला पारखे आहे. नगरहून (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचे आहे) संभाजीनगरच्या रस्त्याला लागले म्हणजे शनिशिंगणापूरला वळण्याचा फाटा येतो, तेच आमचे घोडेगाव. घोडेश्वरी देवीचे, कांद्याच्या लिलावाचे आणि म्हशींच्या बाजाराचे. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे. गावातल्या पुष्कळ वृद्धांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. मग ऐन दिवाळीत, चकली-अनारशांचे ताट पुढे असताना, समुद्राच्या तळाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील.

त्याचे उत्तर आठवड्याच्या बाजारात आहे. भाजीपाल्याच्या ओळी संपल्या की अंमळ अंतर राखून, वाऱ्याची दिशा पाहून, सुक्या मासळीच्या पाली लागतात. सुकटीचे ढीग, तिच्याहून बारीक जवळा, सुतळीने बांधलेल्या बोंबलांच्या जुड्या. पांढरपेशी मंडळी नाकाला रुमाल लावून पुढे सरकतात. पण ज्याच्या घरी दूधदुभते नाही आणि मटण सणासुदीलाच, त्याच्या भाकरीला वर्षभर चव आणि अंगाला ताकद देणारी वस्तू हीच. मूठभर सुकट, लसूण आणि तिखट एवढ्यावर ऊसतोडीच्या फडावरचे जेवण होते. अशा एका पालीवर मी सहज विचारले, "मावशी, बोंबील लहान का दिसतात हल्ली?" त्यावर उत्तर आले, "सर, दर्यालाच विचारा की! आमच्याकडं येतंय ते असं येतंय."

दर्याला विचारणे आले, म्हणजे त्याच्या तळाशी जाणे आले. आणि नेमकी तेथेच आपली भाषा आडवी येते.

मराठीत समुद्राला जोडून येणारी विशेषणे पाहा. अथांग, अगाध, अपार. थांग म्हणजे तळ, ठाव. ज्याला तळ नाही तो अथांग. मनाचा थांग लागत नाही, समुद्राचा ठाव लागत नाही. आमच्याच नेवासे तालुक्यात, नेवाशाच्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्यातही समुद्राचे दाखले पानोपानी आहेत. परंतु तो समुद्र बहुधा पूर्णत्वाची, न आटणाऱ्या आणि न उतू जाणाऱ्या वस्तूची उपमा म्हणून येतो. उपमा म्हणून हे अप्रतिमच आहे. व्यवहारात मात्र याचा परिणाम असा झाला की, जे अथांग आहे त्याला तळ नाही, तळ नाही म्हणून तेथे कोणी राहत नाही, आणि कोणी राहत नाही तर तेथे आपण काय करतो याचा हिशेब कोणाला द्यायचा? दर्यामे खसखस म्हणून आपण मोकळे!

वास्तविक आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्र मुळीच अथांग नाही. जमीन पाण्याखाली एकदम कड्यासारखी तुटत नाही. ती उतरत्या ओट्यासारखी दूरवर पसरत जाते. मुंबईसमोर हा ओटा सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे, आणि त्यावर पाण्याची खोली दोनशे मीटरांच्या आत. १९७४ साली 'सागरसम्राट'ने ज्या मुंबई हायवर तेल शोधले, ते ठिकाण किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर. तेथे पाणी किती असेल? पाऊणशे मीटरांच्या आसपास. दौलताबादचा चांदमिनार तेथे नेऊन उभा केला तर शेंड्यावर जेमतेम दहा-बारा मीटर पाणी राहील. अथांग म्हणायला ही खोली फार नव्हे. आणि आपल्याला ठाऊक असलेली बहुतेक सगळी मासळी या ओट्यावरच जन्मते, चरते आणि मरते.

त्या ओट्यावर काय आहे? मुख्यत्वे चिखल. किनाऱ्याजवळ काही ठिकाणी खडक, पुढे कोठे वाळू, परंतु विस्तार चिखलाचा. वरून पाहणाऱ्याला तो निर्जीव गाळ वाटेल. आमच्या शेतकऱ्याला मात्र ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही, कारण मूठभर काळी माती निर्जीव नसते हे त्याला ठाऊक आहे. त्या चिखलात गांडुळांच्याच गणगोतातले कृमी बिळे करून राहतात, शिंपले रुतून बसतात, खेकडे आणि कोळंब्या उकरत असतात. वरच्या पाण्यातून मेलेल्या जिवांचा आणि वनस्पतींचा बारीक भुगा सतत पाझरत खाली येतो; तो हे प्राणी खातात आणि त्यांना मासे खातात. कृमींच्या बिळांतून पाणी आत शिरते, त्याबरोबर प्राणवायू शिरतो, आणि चिखल सडण्याऐवजी जिवंत राहतो. गांडुळे रानात जे करतात तेच काम. समुद्रतळ म्हणजे पाण्याखालचे रान आहे, आणि पृष्ठभागावरचा समुद्र पुष्कळ अंशी त्या रानाच्या उत्पन्नावर जगतो.

आता या रानात माणूस कसा शिरला ते पाहू.

कोळ्यांची जुनी जाळी बहुतेक एका जागी थांबून वाट पाहणारी. मुंबई-पालघरकडचे डोल जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जवळा आणि बोंबील आपण होऊन त्यात शिरतात. सिंधुदुर्गातली रापण म्हणजे किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ टाकून गावच्या गावाने ओढायचे जाळे. त्यात सगळेच सात्त्विक होते असे समजण्याचे कारण नाही. डोलीच्या शेपटाची वीण इतकी बारीक की पापलेटाची पिल्लेही त्यात सापडतात, आणि यावरून खुद्द कोळी बांधवांतच भांडणे आहेत. खुंट रोवून डोल बांधण्याच्या जागेला 'कव' म्हणतात. या कवींच्या हद्दीवरून उत्तन-वसईची आणि सातपाटी-डहाणूची मंडळी वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येत आली आहेत. बांधावरून होणाऱ्या तंट्यांची सवय असलेल्या आम्हा देशावरच्या लोकांना हे ऐकून बरे वाटते. समुद्रालाही बांध असतात तर!

ट्रॉलर मात्र वाट पाहत नाही. त्याचे जाळे म्हणजे शंकूच्या आकाराची एक लांबलचक पिशवी. तोंडाशी दोन जड फळ्या. बोट चालू लागली की पाण्याच्या दाबाने त्या बाजूंना फाकतात आणि पिशवीचा जबडा उघडा राहतो. खालच्या दोराला वजने किंवा साखळ्या. ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने ही पिशवी तळावरून फरफटत नेली की तळाशी बसलेली कोळंबी दचकून उठते आणि आत जाते. हे जाळे कोळंबीसाठी आहे, पण चालते ते सगळ्यांवरून.

मुंबई सरकारने १९२१ साली 'विल्यम कॅरिक' नावाचे वाफेवरचे ट्रॉलर आणून हा प्रयोग करून पाहिला होता. तेव्हा तो परवडला नाही. पुढे १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचा करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर परदेशात कोळंबीला भाव आला, आणि पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर वाढू लागले. २०१० च्या मत्स्यगणनेत एकट्या महाराष्ट्रात ते पाच हजारांहून अधिक भरले. यात ट्रॉलरमालकाला खलपुरुष ठरवणे मला पसंत नाही. त्याला कर्ज सरकारने दिले, डिझेलवरच्या कराचा परतावा सरकार देते, उत्पादन वाढवा म्हणून पाठीवर थाप सरकारनेच मारली. आमच्याकडे उसाचे झाले तेच तिकडे कोळंबीचे. आणि नुकसान होते ते एका खेपेत दिसण्यासारखेही नसते.

किती होते, याचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. जगभरच्या अनेक प्रयोगांची मोजमापे एकत्र करून शास्त्रज्ञांनी काढले की, फळ्यांचे ट्रॉल जाळे एकदा फिरले म्हणजे सरासरी २.४ सेंटिमीटर खोल रुतते आणि तळावरच्या जीवांपैकी शंभरात सुमारे सहा नाहीसे करते. सहाच! वाचून हायसे वाटते. परंतु गणिताची वही काढा. त्याच पट्ट्यावरून दहा वेळा जाळे गेले की शंभरातले चोपन्न उरतात. वीस वेळा गेले की तीसही उरत नाहीत. आणि सोडून दिलेला तळ बराचसा सावरायला त्याच अभ्यासाप्रमाणे साधारण दोन ते सहा वर्षे लागतात. ही मोजमापे बरीचशी थंड समुद्रांतली आहेत, आपला चिखल वेगळा, हे खरे. पण जेथे कोळंबी भरपूर तेथेच सगळ्यांच्या बोटी पुन्हा पुन्हा जाणार, हे मात्र कोणत्याही समुद्रात सारखेच. शेतातही नांगर फिरतो, वखर फिरतो. पण त्यांच्या मागून पाभर येते. समुद्रात नांगरणीच आहे. पेरणी कोणी करीत नाही.

बोट धक्क्याला लागते तेव्हा पिशवीतून काय बाहेर पडते? मुंबईचे ससून डॉक १८७५ साली बांधले गेले. त्या गोदीत पहाटे उभा राहिलेला माणूस कोळंबीच्या टोपल्यांबरोबर आणखी एक ढीग पाहतो. बोटाएवढे मासे, अर्धवट वाढलेले खेकडे, मोऱ्यांची पिल्ले, शंख, सापासारखे काहीबाही. यांना ताटात जागा नाही. हा माल सुकवून कुटतात. तो मासळीचा कुटा कोळंबीच्या शेततळ्यांना जातो, कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यांना जातो. कोंबडीच्या खाद्यात मुख्य पेंड सोयाबीनची हे कबूल. तरी कुट्याचाही त्यात वाटा असतो. नगर जिल्ह्यात कोंबड्यांच्या शेडी किती आहेत हे रस्त्याने जाताना नाकानेच कळते. म्हणजे ज्या माशाने तीन वर्षांनी मोठे होऊन कोणाच्या तरी घरी रविवार साजरा केला असता, तो वाढण्याआधीच पीठ होऊन घाट चढतो, आणि अंड्याच्या रूपाने आपल्या ताटात येतो. समुद्र न पाहिलेल्या घोडेगावचा समुद्राशी हा संबंध आहे, आणि तो बाजारातल्या सुकटीच्या पालीपेक्षा मोठा आहे.

एका माशाची हकीकत येथे सांगतो. शिंगाळा म्हणून मिशावाला मासा आहे. तळाजवळ राहणारा, दिसायला ओबडधोबड, पापलेटाच्या शेजारी कोणी त्याकडे पाहणार नाही. त्याची मादी गोटीएवढी मोठी अंडी घालते, आणि थोडकीच. ती अंडी नर आपल्या तोंडात घेतो. पिल्ले बाहेर पडून आपल्यापुरती पोहू लागेपर्यंत, कित्येक आठवडे, तो तोंड मिटून हिंडतो आणि या काळात काही खात नाही. तोंडात पोरे असताना जेवणार कसे? असे नर थव्याने वर येतात. १९७० नंतरच्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. थव्याभोवती भिंतीसारखे जाळे टाकायचे आणि खालून बटव्याच्या नाडीसारखे आवळायचे, अशी ती युक्ती. १९८० च्या सुमारास त्या जाळ्यांत अंडी तोंडात धरलेले शिंगाळे सापडू लागले, तेही टनावारी. जाळे वर ओढले की नर तोंडे उघडीत आणि बोटीवर अंड्यांचा सडा पडे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना छापून दिली. तिचा उपयोग झाला नाही. पुढल्या काही वर्षांत त्या किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदाच बसला. मी मराठीचा मास्तर. शोकांतिका शिकवणे हे माझे पोटापाण्याचे काम. पण आपल्या सावधपणानेच नाश ओढवलेला असा नायक मला नाटकात भेटलेला नाही.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनचे परवाने आणि हंगाम यांना मर्यादा घातली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झगमगाटाने मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. २०२१ साली राज्याच्या कायद्यातले दंड लाखांच्या घरात नेले. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केले, आणि पन्नासाहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून तिच्याहून लहान पकडू नये असे सांगितले. कागद भक्कम आहे. अडचण समुद्राच्या पायरीवर सुरू होते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, राज्याचा अंमल, त्यापुढे केंद्राचा. मासा ही रेघ ओळखत नाही, आणि रात्री दिवे मालवलेली बोटही ओळखत नाही.

लहान मासा पकडू नका हे सांगणेही वाटते तितके सोपे नाही. तीन तास फरफटून वर आलेल्या पिशवीतला लहान मासा मेलेलाच असतो. तो परत टाकून काय साधणार? त्याला पाण्यातच सुटता आले पाहिजे. म्हणून शास्त्रज्ञ जाळ्याच्या आसाकडे, म्हणजे भोकाकडे, बोट दाखवतात. नेहमीच्या जाळ्याचा आस पतंगासारखा उभट असतो. जाळ्याला ओढ बसली की तो मिटतो आणि भोक भोकच राहत नाही. तोच आस चौकोनी विणला तर ओढ बसली तरी उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. पिशवीच्या शेपटाला ४० मिलिमीटरांचा चौकोनी आस लावावा, एवढीच सूचना. खर्च थोडा. तरी तो लागत नाही, कारण माझ्या जाळ्यातून सुटलेले पिल्लू मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल हे प्रत्येकाला ठाऊक असते. यात लोभापेक्षा अविश्वास जास्त आहे.

संरक्षणाचा दुसरा मार्ग म्हणजे राखीव क्षेत्र. मालवणला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग त्याच्या गाभ्यात. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्याच्या पायाशी प्रवाळ आहेत ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालण्यासारखी आहे. परंतु ज्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या तेथून निघतात त्यांना वाटले की उद्या आपल्याच दारात आपल्याला मज्जाव होणार, आणि त्यांनी विरोध केला. तो विरोध मला अडाणीपणाचा वाटत नाही. रापण ओढणाऱ्याने प्रवाळ मोडलेले नव्हते. पुढे पाण्याखाली डुबक्या मारून प्रवाळ पाहण्याचा नवा धंदा तेथे आला, त्याने मालवणच्या अनेक तरुणांना पोटाला लावले. त्याच धंद्याचे नांगर प्रवाळावर पडू नयेत म्हणून आता शिकवावे लागते.

याच्या उलट विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरांवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. लांबी चाळीस किलोमीटर, रुंदी पंधरा, आणि माथ्यावर पाणी फक्त वीस मीटरांच्या आसपास. दर्यावर्दी त्याला आंग्रिया बँक म्हणतात. कान्होजी आंग्र्यांचे नाव नकाशावर असे राहिले आहे. तेथे पाणी स्वच्छ, आणि प्रवाळांची मोठी वसाहत. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची एक तुकडी जाऊन तिची पाहणी करून आली. हे ठिकाण राज्याच्या बारा मैलांच्या फार बाहेर आहे.

मासेमारीखेरीज तळाला हात लावणारे दुसरेही आहेत, आणि त्यांचे हात मोठे आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवले गेले. महानगराच्या सांडपाण्यातही प्रवाळ तग धरून होते याचे मला अधिक आश्चर्य वाटले. पण ते काम हातावर मावणारे. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्या बंदराची पायाभरणी झाली, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव आहे. एकरांत सांगायचे तर साडेतीन हजारांहून अधिक. देशावरच्या एखाद्या गावाचे सगळे शिवार त्यात मावेल. भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसायची. बंदर हवे की नको, हा वाद मी येथे घालत नाही. ७६,२०० कोटींच्या कामाचे देशाला फायदेही असतील. मला खटकते ते नुकसानभरपाईच्या भाषेत. घर गेले, होडी गेली, जाळे गेले याची नोंद होते. ज्या चिखलात पापलेटांची पिल्ले वाढतात तो कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणून तो गेल्याची नोंद कोठे करायची हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही.

आणि आपण? कोकणाला दोष देऊन आम्ही देशावरची मंडळी हात झटकू शकत नाही. नगर जिल्ह्यातली एकही नदी अरबी समुद्राला मिळत नाही. नेवासे तालुक्याचे पाणी प्रवरा-गोदावरीतून पैठणच्या नाथसागरात, तेथून पुढे आंध्रात, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. १९७६ साली नाथसागर झाला, त्याच्या वर-खाली आणखी धरणे झाली. बागायत आली, साखर आली. माझ्यासारख्यांच्या कॉलेजांच्या इमारतीही त्याच साखरेवर उभ्या राहिल्या. मात्र जो गाळ गोदावरी आपल्या मुखाशी नेऊन टाकीत असे, तो धरणांत बसू लागला. १९७० नंतरच्या तीन दशकांत मुखाशी पोहोचणारा गाळ निम्म्याहून कमी झाला, आणि तिथला किनारा समुद्र खाऊ लागला. गाळ अडला, पाण्यात विरघळलेले खत मात्र अडत नाही. उसाला टाकलेल्या युरियाचा जो अंश पिकाने घेतला नाही, तो वाहत राहतो. समुद्रात खताने सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली जातात, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. बंगालच्या उपसागरात काही खोलीवर प्राणवायू आधीच नावापुरता उरला आहे. पश्चिमेला तर पावसाळ्याच्या अखेरीस गुदमरलेले पाणी खालून वर येऊन किनाऱ्याजवळच्या तळावर पसरते. ही घटना मुळात निसर्गाची; पण माणसाच्या खताने ती तीव्र होत चालल्याचे गोव्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. तळावरच्या कृमीला पळता येत नाही. मासा पळतो, आणि पळून जेथे गर्दी करतो तेथे जाळे असते.

या सगळ्यावर इलाज म्हणून मोठमोठ्या परिषदांतून जे सांगितले जाते, ते आमच्या जिल्ह्याला नवे नाही. हिवरेबाजार येथून फार लांब नाही. १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. गुरे मोकळी सोडायची नाहीत. गवत कापून न्यायला मोकळीक. बोडक्या डोंगरावर गवत उभे राहिले. बंदी सरकारी जीपने पाळली गेली नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे पाहिल्याने पाळली गेली. समुद्र हे आपले सगळ्यात मोठे गायरान आहे. फरक इतकाच की हिवरेबाजारला शिव आहे, समुद्राला नाही. आणि गवत वाढलेले डोळ्यांना दिसते, चिखल सावरलेला दिसत नाही. पाच वर्षे जाळे आवरून धरणाऱ्या कोळ्याने कशाकडे पाहून धीर धरावा?

तरी एक चराईबंदी समुद्रातही आहे. पावसाळ्यात माशांची वीण चालते, म्हणून १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. कायदा येण्यापूर्वी हे काम नारळी पौर्णिमा करीत असे. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा नियम मोडण्याची कोणाची छाती नव्हती. त्याला दंड लागत नव्हता आणि गस्तही. आता बोटी पंचांगावर नव्हे, परिपत्रकावर सुटतात. २०२४ साली नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. ट्रॉलर १ ऑगस्टलाच निघाले होते. मध्ये राहिलेले अठरा दिवस तळावरच्या पिल्लांना मिळाले असते तर ती थोडी तरी मोठी झाली असती. ही मागणी कोणा शास्त्रज्ञाची किंवा निसर्गप्रेमी संघटनेचीच आहे असे नाही. बंदी १५ ऑगस्टपर्यंत लांबवा, असे अर्ज किनाऱ्यावरचे मच्छीमारच सरकारकडे करीत आले आहेत.